मांडीवरचं कुत्रं आणि घरातले दांडगोबा: दर वेळी बिघडतं ते नेमकं कुठे?

“चार दिवस इतके छान राहिले, आणि आज अचानक…” हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की समोरच्याचं बोलणं संपायच्या आत विचारते, “बेल वाजली होती का? की ते मांडीवर होतं?” बहुतेक वेळा दोन्हीपैकी एकाला तरी “हो” येतं. माझ्याकडे दोन मोठे कुत्रे आहेत आणि तात्पुरती सांभाळायला लहान कुत्री येत-जात असतात. त्यामुळे हा बिघाड मी स्वतःच्या घरात आणि ओळखीच्यांच्या घरांत पुन्हा पुन्हा निस्तरलाय. त्यात ‘अचानक’ असं फारसं काही नसतं.

लक्षणं

यातलं तुमच्याकडे काय काय जुळतं ते आधी पाहा.

- मोठा कुत्रा नव्या लहानग्याच्या पाठीला नाक लावून घरभर फिरतो आणि हाक मारली तरी कान हलवत नाही.
- पंजा टाकून दाबतो, अंगावर लोळतो. लहानगं केकाटलं की मागे सरायचं सोडून आणखी चेकाळतो.
- लहानगं सोफ्याखाली मुक्काम ठोकतं, पाणी प्यायलासुद्धा कुणी सोबत असेल तरच बाहेर येतं. आधी शहाण्यासारखं बाहेर जाणारं आता घरातच शू करतं.
- लहानगं तुमच्या मांडीवर बसून मोठ्यावर गुरगुरतं.
- दिवसभर शांतता, पण कुणी घरी आलं की दारात धुमश्चक्री.
- मोठे दोन असतील तर एकेकटे साळसूद, दोघे मिळाले की टोळी.

मोठ्यानं लहानग्याला तोंडात धरून झटकलं असेल, मग ते एकदाच का असेना, तर पुढचं आत्ता वाचू नका. पशुवैद्यांकडे निघा. जखम बाहेरून दोन ठिपक्यांएवढी दिसते आणि तिथेच आपण फसतो. माझ्याकडच्या अडीच किलोच्या एका मादीच्या बाबतीत मीही फसले. जंतुनाशक लावलं, ती जेवली, मी निर्धास्त झाले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी केस भादरले तेव्हा कातडी खालच्या मांसापासून तळहाताएवढी सुटलेली निघाली. झटकताना कातडी दातांबरोबर सरकते आणि फाटतं ते आतलं. बरगड्या, फुप्फुस किंवा पोटाला मार बसला असेल तर तोही वरून कळत नाही.

पग, शिह त्झू, पेकिनीज अशा चपट्या तोंडाच्या कुत्र्यांच्या डोळ्यांच्या खोबण्या उथळ असतात. झटापटीत मानेला किंवा डोक्याला हिसका बसला तर डोळाच बाहेर येऊ शकतो. तो आत ढकलायला जाऊ नका. सलाइननं भिजवलेला स्वच्छ कपडा त्यावर हलकेच धरा आणि त्याच पावली दवाखाना गाठा.

असं काही झालेलं नसेल, तर आता सावकाश बसून वाचायला हरकत नाही.

आधी वजनाचा हिशेब

चिहुआहुआ जेमतेम २.५ किलोचा. लॅब्रॉडोर नर ३० ते ३५ किलोचा. म्हणजे बारा ते चौदा पट. साठ किलोच्या माणसासमोर साडेसातशे किलोचा रेडा उभा करा, आणि तो रेडा अतिशय प्रेमळ आहे, त्याला फक्त खेळायचंय असं समजा. तुम्ही त्याच्याशी किती वेळ खेळाल?

हे सांगायचं कारण असं, की आलेला प्रत्येक जण मला “आमचा कुत्रा स्वभावानं गरीब आहे” हे पटवायला बघतो. असेल की. मोडलेल्या पायांमागे अनेकदा स्वभाव नसतोच, वजन आणि चेकाळणं असतं. लहान जातींची पुढच्या पायांची हाडं काडीसारखी असतात. सोफ्यावरून वाकडी उडी पडली तरी मोडतात, मग वरून ३० किलो येऊन आदळल्यावर काय होणार? म्हणून खालच्या सगळ्या तपासण्यांत मी ‘दोस्ती झाली का’ हे शेवटी बघते. ‘चेकाळतो कधी’ हे आधी बघते.

१. वही आणि पेन

फुकटातली तपासणी, म्हणून सगळे टाळतात. दोन-तीन दिवस प्रत्येक खटक्याची नोंद करा: वेळ, जागा, आणि मुख्य म्हणजे खटक्याच्या आधीच्या एका मिनिटात काय झालं. कोण कुणावर भुंकलं हे दुय्यम आहे.

तिसऱ्या दिवशी वही उघडली की नोंदी दोन-तीन ठिकाणीच गोळा झालेल्या दिसतात. दार, अरुंद बोळ, खाण्याची भांडी, तुमची मांडी, तुम्ही बाहेरून घरी आल्यावरची पहिली पाच मिनिटं. अरुंद जागेत कुत्र्यांना एकमेकांना वळसा घालून जाता येत नाही. समोरासमोर यावं लागतं, आणि समोरून सरळ चालत येणं हा त्यांच्यात उद्धटपणाच असतो. दारात तर सगळेच तापलेले असतात. तापलेला कुत्रा ज्याच्यावर भुंकतोय तो हाताला लागला नाही, की शेजारी जो सापडेल त्याच्यावर राग काढतो. शेजारी कोण सापडतं हे सांगायला नको.

उपायही त्या वहीतच असतो. बेल वाजते तेव्हा भांडण होत असेल, तर बेलच्या वेळी लहानगं दुसऱ्या खोलीत असायला हवं. यात हार मानण्यासारखं काही नाही. अर्धी प्रकरणं मी इथेच मिटलेली पाहिली आहेत.

२. जमिनीवर काय पडलंय?

खेळणी, चघळायच्या वस्तू, अर्धी उरलेली भांडी, सगळं उचला. निदान पहिले काही आठवडे. खाणं वेगवेगळ्या खोल्यांत, दार लावून. मोठ्यानं आजवर कधी भांड्यावरून गुरगुर केली नाही, हा पुरावा नव्हे. आजवर त्याच्या भांड्यात कुणी तोंडच घातलं नव्हतं.

लहानग्याला गळ्यातल्या पट्ट्याऐवजी हार्नेस (छातीभोवती बसणारा पट्टा) घाला. छोट्या जातींत श्वासनलिका दबण्याचा विकार बराच दिसतो आणि गळपट्ट्याला बसलेला हिसका त्याला भारी पडतो. मस्ती चालू असताना मोठ्यांच्याही गळ्यातलं काढून ठेवलेलं बरं. एकाचा जबडा दुसऱ्याच्या पट्ट्यात अडकला की दोघंही घाबरतात, आणि खेळता खेळता गळा आवळला जातो.

३. मांडी

इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण लहान कुत्र्यांच्या बाबतीत घोडं बहुधा इथेच पेंड खातं.

मोठा जवळ आला की आपण लहानग्याला चटकन उचलतो. यात तीन गोष्टी एकदम घडतात. पहिली, मोठ्याच्या डोळ्यांसमोरून एक लहान, केसाळ, हलणारी वस्तू झटकन वर गेली, तर तो तिच्यामागे उडी मारणारच. चेंडू वर फेकल्यावर तो काय करतो? दुसरी, आपले हात ताठ होतात, श्वास अडकतो आणि तो ताण लहानग्याला अंगातून कळतो. मोठा आला की काहीतरी भयंकर घडतं, हा धडा त्याला आपणच देतो. तिसरी, वर गेल्यावर त्याला बळ येतं. जमिनीवर मान खाली घालणारं दोन किलोचं पिल्लू मांडीवरून दात विचकतं, मोठा थबकतो, आणि हे जमतं असं त्याच्या लक्षात येतं. महिन्याभरात मांडी ही त्याची जहागीर होते. तुमच्या मुलालाही जवळ फिरकू देत नाही.

मग उचलायचंच नाही? जीवावर बेतलंय असं वाटलं तर जरूर उचला. पण रोजच्या रोज उचलून वेळ मारून नेऊ नका. त्याऐवजी तुम्ही स्वतः दोघांच्या मधे उभे राहा, पाठ लहानग्याकडे, तोंड मोठ्याकडे, आणि शांतपणे दोन पावलं पुढे टाका. मोठा मागे सरकतो. मांडीवर बसून गुरगुर सुरू झाली, तर ओरडू नका, हातही उगारू नका. उठून उभे राहा. मांडी नाहीशी झाली की राखायला काही उरत नाही. आणि मोठा जवळ असतानाही ते मांडीवर गप्प बसलं, तर दोघांना एकेक बारीक खाऊ. मोठ्याला आधी.

गुरगुरण्यावर दटावू नका हे मी मुद्दाम वेगळं सांगते. गुरगुर म्हणजे धोक्याची घंटा. घंटा काढून टाकली म्हणून आग लागायची थांबत नाही, आणि असा कुत्रा पुढे काहीही न बोलता चावतो.

४. हा खेळ आहे की छळ?

खऱ्या खेळात अंग सैल असतं, तोंड उघडं असतं, पुढचे पाय वाकवून मागचा भाग वर करून ‘ये ना’ म्हटलं जातं. भूमिका बदलतात: आत्ता पळणारा थोड्या वेळानं पाठलाग करतो. समजूतदार मोठा कुत्रा स्वतः आडवा पडून लहानग्याला वर चढू देतो. मधेमधे दोघंही थांबतात, अंग झटकतात.

शंका आली तर मोठ्याला हळूच धरून ठेवा आणि लहानगं काय करतं ते पाहा. परत येऊन नाक लावलं, उड्या मारल्या, तर खेळ होता. संधी मिळताच सोफ्याखाली गेलं, तर उत्तर मिळालं. ही परीक्षा पाच सेकंदांची आहे आणि माझ्या माहितीत याहून खरी दुसरी नाही.

याखेरीज डोळ्यांत तेल घालून पाहायच्या खुणा: ओठ चाटणं, झोप नसताना जांभया, एक पंजा अधांतरी, डोळ्यांचा पांढरा भाग दिसेल असं तिरकं बघणं, पोटात घातलेली शेपूट. लहानग्यात या दिसल्या की विश्रांती द्या.

मोठ्यात मात्र एक वेगळीच गोष्ट बघायची असते. खेळता खेळता त्याचं तोंड मिटतं, अंग स्थिर होतं, नजर खिळते. टक लावणं, दबा धरणं, पाठलाग, पकड, झटका ही शिकारीची साखळी प्रत्येक कुत्र्यात कमीअधिक शिल्लक आहे. माणसानं जाती घडवताना तिच्या काही कड्या घट्ट केल्या आणि काही सैल. बॉर्डर कॉलीत टक आणि दबा भरपूर, चावा कमी. टेरियरमध्ये पकड आणि झटका जिवंत. रिट्रीव्हरनं पकडावं पण चिरडू नये, अशी त्याची घडण. लहानगं किंचाळत वाकडंतिकडं पळालं, की चांगल्या खेळकर कुत्र्याच्याही डोक्यात खेळाची जागा ही साखळी घेऊ शकते. त्यात राग नसतो, म्हणून गुरगुरही नसते. सगळं दोन-तीन सेकंदांत होतं. ‘ते तर मित्र होते’ असं म्हणणाऱ्या घरांत बहुधा हेच झालेलं असतं.

ही खिळलेली नजर एकदा जरी दिसली, तरी दोघांना एका जागी मोकळं सोडणं त्या क्षणी बंद. मग थेट शेवटच्या भागाकडे जा.

५. जाळी, आणि लहानग्याची स्वतःची जागा

आता थोडा खर्च. दारात लावायचं बेबी गेट घ्या, पण आधी गजांमधलं अंतर बघा. मुलांसाठी केलेल्या गेटमधून लहान कुत्रं आरामात पार होतं, आणि अर्ध्यावर अडकलं तर त्याहून वाईट. बारीक जाळी बांधून घ्या. किंवा उलट युक्ती करा: गेट जमिनीपासून थोडं वर बसवा, म्हणजे लहानगं खालून निसटेल आणि मोठ्याचं डोकंही आत शिरणार नाही. पळून जायला वाट आहे हे कळलं की लहानग्याचं निम्मं भुंकणं आपोआप कमी होतं. कोपऱ्यात सापडलेलंच जास्त चावतं.

घरी कुणी नसताना आणि रात्री गेट बंदच. तीन वर्षं एकत्र राहिले असले तरी बंद. माझ्याकडे आजही आहे.

६. ओळख पहिल्यापासून पुन्हा

वरचं करूनही खटके चालूच असतील, तर बहुधा ओळखच चुकीची झालेली असते. दार उघडलं, पिल्लू मधोमध ठेवलं, सगळे तुटून पडले, वर त्याचा व्हिडिओ काढला. आता घड्याळ मागे फिरवायचं.

दोन-तीन दिवस पूर्ण वेगळे. या काळात फक्त वास: एकाच्या अंथरुणावरचा कपडा दुसऱ्याकडे द्यायचा. (पिल्लाचं लसीकरण अपुरं असेल किंवा त्याला खोकला, जुलाब, गोचीड असतील, तर हे वेगळं ठेवणं तसंही हवंच.) मग घराबाहेर, दोघांपैकी कुणाच्याच मालकीच्या नसलेल्या मोकळ्या जागेत, दोन माणसं, दोन दोऱ्या, आणि एकाच दिशेनं चालणं. सुरुवातीचं अंतर इतकं ठेवा की मोठा लहानग्याकडे बघून पुन्हा तुमच्याकडे बघू शकेल. तेवढं जमलं की अंतर कमी करत जा. समोरासमोर आणू नका. दोरी ताणलेली असली की कुत्रा आपोआप छाती पुढे काढतो आणि समोरच्याला ती धमकी वाटते, म्हणून दोरी ढिली. लांबत जाणारी आपोआप गुंडाळणारी दोरी इथे नको.

मोठे दोन असतील तर एका वेळी एकच, जो थंड डोक्याचा आहे तो पहिला. दोघांची ओळख वेगवेगळी पक्की झाल्याशिवाय तिघांना एकत्र आणू नका. माझा धाकटा एकटा असताना लहानग्यांपुढे पालथा पडतो, पण थोरला शेजारी असला की त्याच्या अंगात येतं. हे मला दुसऱ्या खेपेला कळलं. पहिल्या खेपेला नशीब चांगलं होतं.

घरात आणाल तेव्हा मोठ्याच्या हार्नेसला हलकी दोरी लोंबत ठेवा, लक्ष असेल तेवढाच वेळ. ती दुरून धरता येते, तोंडाजवळ हात न्यावा लागत नाही. भेट पाच मिनिटांची. छान चाललंय म्हणून वाढवायची नाही, छान चाललंय म्हणूनच संपवायची.

७. मोठ्याचं शिक्षण

हे वेळखाऊ आहे, कित्येक आठवड्यांचं. स्वतःच्या चटईवर जाऊन पडणं, हाक मारल्यावर खेळ सोडून येणं, आणि ‘सोड’. हे तिन्ही लहानग्याशिवाय पक्कं करा, मग त्याच्यासमोर. पुष्कळ लोक मोठ्याला पळवून पळवून दमवतात आणि मग भेट घडवतात. थकलेला कुत्रा शांत असतो हे खरं, पण अतिदमलेला चिडचिडा असतो. हुंगत हुंगत केलेली संथ फेरी आणि मग झोप, त्यानंतरची वेळ मला चांगली वाटते.

८. दवाखाना

पैसे लागतात म्हणून हे इतक्या खाली, पण एक अपवाद: आजवर शांत असलेला मोठा कुत्रा एकदम खेकसायला लागला असेल, तर वरचं सगळं सोडून आधी त्याला तपासून घ्या. दुखरा खुबा, कानाचा संसर्ग, किडलेला दात. ज्याला अंगाला हात लावलेला सोसत नाही, त्याच्यावर पिल्लू उड्या मारतंय. म्हाताऱ्याला कमी दिसत किंवा ऐकू येत असेल, तर लहानगं त्याच्यासाठी दर वेळी भुतासारखं प्रकट होतं.

मादी माजावर असेल तर नरांमधलं गणित बदलतं, दोन माद्यांमधलंही. लहान मादी आणि मोठा नर नसबंदीशिवाय एका घरात असतील तर त्या काळात कुलूप लावा. संयोगात तिला इजा होऊ शकते. पुढे पिल्लं तिच्या मानानं मोठी निघाली तर बाळंतपण अडण्याचा धोका आहे.

लहानगं घाबरून खात नसेल तर ‘भूक लागली की खाईल’ म्हणत बसू नका. अगदी छोट्या जातींच्या पिल्लांची रक्तातली साखर एखाददुसरं खाणं चुकलं तरी उतरू शकते. मलूल पडणं, झोकांड्या, थरथर दिसली तर लगेच डॉक्टर.

इथे थांबा आणि मदत बोलवा

कातडी फाटली, झटका दिला, खिळलेली नजर दिसली, लहानगं दोन आठवड्यांनीही लपूनच आहे, किंवा सोडवताना माणसाला चावा बसला. यातलं एकही घडलं तर घरगुती प्रयोग संपले. माणसाची जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं १५ मिनिटं धुवा आणि रेबीजच्या लसीसाठी डॉक्टरांना गाठा, कुत्रा घरचा असला तरी.

भांडण सोडवताना तोंडांच्या मधे हात नको. पाणी ओता, मोठा आवाज करा, पाट किंवा जाड पुठ्ठा मधे सरकवा. लहानगं तोंडात असेल तर ओढू नका, ओढल्यानं फाटतं. आधी मोठ्याला पट्ट्यानं जागच्या जागी रोखा, म्हणजे त्याला झटकता येणार नाही.

जाळीच्या मुसक्याची सवय लावणं उपयोगी आहे, पण त्यात कुत्र्याला धापा टाकता आणि पाणी पिता आलं पाहिजे. आणि मुसकं दात रोखतं, वजन नाही. मुसक्यासकट थोबाडाचा फटका लहानग्याची बरगडी मोडू शकतो.

कुणाला बोलवायचं? आधी पशुवैद्य, मग त्यांच्या सांगण्यावरून कुत्र्यांच्या वर्तनावर काम करणारा माणूस. जो येताच मोठ्याला उताणं पाडून दाबतो, किंवा शॉकचा पट्टा सुचवतो, त्याला चहा पाजून वाटेला लावा. लहानगं दिसलं की मानेला चटका बसतो, एवढंच मोठा त्यातून शिकेल, आणि चटक्याचा राग कुणावर निघेल ते उघड आहे. सोबत वही ठेवा, दोघांची वजनं लिहून ठेवा, दुरून काढलेला एखादा व्हिडिओ दाखवा. फक्त तज्ज्ञाला दाखवायचं म्हणून भांडण पुन्हा घडवून आणू नका.

कधी कधी तो माणूस पाहून सांगतो की ही जोडी एका छताखाली नको. मला हे एकदा ऐकावं लागलं आणि ते बरोबर होतं. ते लहानगं मोठा कुत्रा नसलेल्या घरी गेलं. अशी वेळ आली तर नव्या घराला काय घडलं ते सगळं सांगा, जुन्या जखमांचे कागद द्या, आणि ते मांडी राखतं हेही सांगायला विसरू नका.